मामाचा ऑक्टोपॅड आणि बारमधलं गाणं

हा भाग ज्यांनी ऐकलाय त्यांना काही वाक्यं इथे वेगळी दिसतील. बोलताना मी दोनदा अडखळलो होतो, ते लिहिताना काढून टाकलंय. बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात एका बायोडेटापासून करतो. माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरवायचं होतं तेव्हा कॉलेजातला मी एकटाच घरात कॉम्प्युटरवर मराठी टाईप करू शकत होतो. म्हणून बायोडेटा माझ्याकडे आला. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, सगळं पटापट झालं. मग रकाना आला, ‘वडिलांचा व्यवसाय’. मी सरळ टाईप केलं, ‘वादक’. मामी मागे उभी होती. म्हणाली, “ते काढ. हॉटेल लाईन लिही.”

मी काढलं. ‘हॉटेल व्यवसाय’ लिहिलं. मामा समोरच्या खुर्चीत पेपर वाचत बसला होता, त्याने मान वर केली नाही.

मामा बारमध्ये ऑक्टोपॅड वाजवायचा. आधी गणपती-नवरात्रातल्या ऑर्केस्ट्रात, आणि मग जवळपास पंचवीस वर्षं ठाणे, कल्याण, पनवेल या पट्ट्यातल्या बारमध्ये. आजीला शेवटपर्यंत सांगितलेलं होतं की तो हॉटेलात मॅनेजर आहे. आजीला खरं माहीत होतं असा माझा संशय आहे, पण तो वेगळा विषय.

तर आजचा भाग बारमधल्या संगीताचा. डान्स बार म्हटलं की आपल्याला सिनेमातले दिवे आणि उडणाऱ्या नोटा आठवतात. मला मात्र त्या दिव्यांच्या मागे, भिंतीला टेकून बसलेल्या वाजवणाऱ्याचं काय झालं ते शोधायचं होतं. शोधत गेलो तर गोष्ट मामाच्या जन्माच्याही पंचवीस वर्षं मागे गेली, आणि थेट ताजमहाल हॉटेलात पोचली.

१९३५ साली लिऑन ॲबी नावाचा एक कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ आला, पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आला. ऐकणारे कोण? गोरे साहेब, संस्थानिक, पारशी शेठ. बॉलरूममध्ये जोड्या नाचताहेत, स्टेजवर बँड वाजतोय. पण हे परदेशी बँड कायमचे थोडेच राहणार होते? त्यांच्या बाजूला बसून ती कला उचलली ती गोव्याच्या पोरांनी.

आता गोव्याचीच पोरं का? याचं उत्तर मला फार आवडतं. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये लहान मुलांना संगीत शिकवायचे, आणि तेही कागदावरचं. स्टाफ नोटेशन वाचायचं, व्हायोलिन धरायचं, कॉयरमध्ये गायचं. गावात नोकऱ्या नव्हत्या, पण दहा-बारा वर्षांच्या पोराला नोटेशन वाचता येत होतं. ही पोरं मुंबईत येऊन धोबीतलाव, माझगावच्या बाजूला आपापल्या गावाच्या ‘कुडा’त राहायची. कुड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली खोली. एका कोपऱ्यात देव, भिंतीला ओळीने पत्र्याच्या ट्रंका. आपल्या गिरणगावातल्या गाळ्यांसारखंच, फक्त कुणाच्या ट्रंकेत ट्रम्पेट असायचं.

त्यातलाच एक हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईने त्याला ओळखलं ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. ताजमध्ये स्वतःचा बँड होता त्याचा.

आणि मग स्वातंत्र्य आलं आणि पाठोपाठ दारूबंदी.

‘मुंबई दारूबंदी कायदा’ १९४९ चा. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. मंडळी, हा कायदा अजून आहे बरं का. नाव बदलून ‘महाराष्ट्र’ झालं, एवढंच. आजही आपल्या राज्यात दारू प्यायची तर कायद्याने परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, त्यातला परमिट तो हाच. ज्यांच्याकडे परमिट आहे त्यांनी बसून प्यायची खोली. सुरुवातीला हे परमिट मिळवायचं तर तब्येतीचं कारण द्यावं लागायचं. म्हणजे कागदोपत्री आख्खी मुंबई आजारी होती.

पिणारे थांबले का? छे. ते ‘आंटी’च्या अड्ड्यावर गेले, हातभट्टीकडे गेले. पण हॉटेलच्या नाचघराचं गणित बिघडलं. बँडचा पगार निघतो तो गल्ल्यातून, आणि गल्ला बारवर भरतो. बारच सुकला तर बारा जणांचा बँड कोण पोसणार? कायद्यात वादकांबद्दल एक अक्षर नव्हतं, तरी फटका त्यांना बसला. मामाच्या बाबतीतही पुढे नेमकं हेच झालं, म्हणून हा मुद्दा जरा लक्षात ठेवा.

गोव्याच्या वादकांचं नशीब एवढंच की तोवर सिनेमाचे स्टुडिओ जोरात होते. आमच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, तेव्हा हिंदी गाण्यात पाश्चात्त्य ठेका आणत होते. चिक चॉकलेट त्यांच्याकडे गेला. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतोसुद्धा. यूट्यूबवर बघा, पण भगवानदादांवरून नजर हटवून मागे बघा. अवघड आहे, मला तिसऱ्या वेळी जमलं.

स्टुडिओत पद्धत अशी होती. संगीतकार चाल गुणगुणणार, आणि अरेंजर ती नोटेशनमध्ये उतरवून चाळीस-पन्नास वादकांना वाटून देणार. मधले म्युझिकचे तुकडे पुष्कळदा तोच रचायचा. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही सगळी अशी माणसं. पोस्टरवर मात्र नाव संगीतकाराचं. यातले गोन्साल्विस तुम्हाला माहीत आहेत, फक्त तुम्हाला ते माहीत नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना त्यांनी व्हायोलिन शिकवलं, आणि ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो ते या गुरूचं आहे. १९७७ सालापासून आख्खा देश त्यांचं नाव वरातीत गातोय आणि त्यांना कुणी ओळखत नाही.

साठच्या दशकात दारूबंदी सैल झाली आणि चर्चगेटचा रस्ता, आजचा वीर नरिमन रोड, पुन्हा वाजायला लागला. गेलॉर्ड, ॲम्बॅसेडर, आणि ॲस्टोरिया हॉटेलातलं ‘व्हेनिस’. संध्याकाळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेलं की दर थोड्या अंतरावर वेगळा बँड ऐकू यायचा असं त्या काळचे लोक सांगतात. व्हेनिसमध्ये ख्रिस पेरीचा बँड आणि समोर माईकवर लोर्ना. लोर्ना कोर्देरो विशीच्या आतच त्याच्याबरोबर गायला लागली. गोव्यातल्या माझ्या श्रोत्यांना या दोघांबद्दल मी काय सांगणार! ‘नाचुंया कुंपासार’ हा कोंकणी सिनेमा याच कथेवर बेतलाय. पेरीपासून वेगळी झाल्यावर लोर्ना जवळपास दोन दशकं गायलीच नाही, आणि १९९५ च्या सुमारास परत आली. तो सिनेमा बघून मी मामाला फोन केला होता. मामा म्हणाला, “आमच्यातही अशा बऱ्याच गेल्या. परत नाही आल्या, एवढंच.”

‘आमच्यातही’. पहिल्यांदाच त्याने स्वतःला त्या रांगेत बसवलं. मला ते लगेच पटलं नव्हतं. कुठे ताजचा ट्रम्पेट आणि कुठे कल्याणचा ऑक्टोपॅड!

सत्तरच्या दशकात डिस्को आला, कॅसेट आली, मोठ्या हॉटेलांनी बँड कमी केले. लाईव्ह गाणं उपनगरांत सरकलं, परमिट रूममध्ये. दोन गायक, एक कीबोर्ड, एक ढोलक किंवा ऑक्टोपॅड. लोक चिठ्ठीवर फर्माईश लिहून पाठवणार, खाली दहाची नोट. मामा लाईनमध्ये आला तो याच वळणावर. मुकेशची गाणी वाजवायला सोपी आणि पैसे जास्त, असं तो म्हणायचा. दुःखी माणूस टिप चांगली देतो.

मग काही बारमालकांच्या लक्षात आलं की गाण्याबरोबर नाच ठेवला तर गल्ला दुप्पट. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत डान्स बार पसरले. नाचायला आलेल्या बायका कोण होत्या? इथे जरा थांबू या, कारण सिनेमावाले इथेच घाई करतात. बेडिया, नट, कंजर अशा परंपरेने नाचगाणं करणाऱ्या जमातींतल्या मुली पुष्कळ होत्या, राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून आलेल्या. आपल्याकडच्या कोल्हाटी समाजातल्याही होत्या, ज्यांच्या आया-मावश्या संगीत बारीत नाचल्या होत्या. बारी ते बार, एका वेलांटीचा प्रवास. आणि काही जणी कारखान्यातून, धुण्याभांड्यांच्या कामातून आलेल्या, कारण इथे महिन्याचे पैसे आठवड्यात सुटायचे.

सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं असं अजिबात नाही. वयाने लहान मुली असायच्या, दलाल होते, हप्ते होते. पनवेलच्या बाजूला जमिनीचे पैसे आलेली घरं बारमध्ये रिकामी झाली, हे तुम्हाला तिथला कुणीही माणूस सांगेल. माझी मामी आजही म्हणते, “बंदी आली ते बरंच झालं.” घरातला कमावता माणूस तिथेच कामाला असलेली बाई हे म्हणते, म्हणून मी ते हलक्यात घेत नाही.

२००५ साली रायगड-पनवेल पट्ट्यातल्या बारचा विषय विधानसभेत गाजला. गृहमंत्री आर. आर. पाटील, आपले आबा. आधी बंदी मुंबईबाहेर म्हणून जाहीर झाली, मग मुंबईतही. जुलैमध्ये मुंबई पोलीस कायद्यात कलम ३३-अ आणि ३३-ब घालणारं विधेयक विधानसभेत एकमताने मंजूर झालं. एकमताने! आपल्या विधानसभेत किती गोष्टी एकमताने होतात ते तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतर काही दिवसांनीच २६ जुलैचा पाऊस पडला, सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं, आणि ऑगस्टच्या मध्याला बंदी लागू झाली.

३३-अ ने बारमधला नाच बंद केला. आणि ३३-ब ने सांगितलं की तीन तारे आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने, क्लब यांना हे लागू नाही. म्हणजे तेच गाणं, तोच नाच ताऱ्यांच्या हॉटेलात झाला तर संस्कृती, आणि कल्याणला झाला तर अनीती. १९४९ मध्ये डॉक्टरकडे जाऊन परमिट आणू शकणारा माणूस आणि हातभट्टीवर मरणारा माणूस यांच्यात जो फरक होता, तोच हा, नवीन कपड्यात.

किती बायका बेकार झाल्या? तेव्हा ७५,००० हा आकडा सगळीकडे फिरत होता. आकड्यावर वाद झाले, पण बायका खऱ्या होत्या. वर्षा काळे यांच्या नेतृत्वाखाली बारबालांची संघटना रस्त्यावर उतरली. एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने आणि फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ वुमन या गटाने मिळून बारमध्ये जाऊन बायकांशी बोलून अभ्यास केला, तो कोर्टात उपयोगी पडला. १२ एप्रिल २००६ रोजी उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. समानतेचा हक्क आणि व्यवसायाचा हक्क, दोन्ही मोडतात म्हणून. पण सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, स्थगिती मिळाली, आणि निकाल लागायला १६ जुलै २०१३ उजाडलं. सर्वोच्च न्यायालयानेही बायकांचीच बाजू उचलून धरली. बंदीमुळे अनेक जणींना देहविक्रय करावा लागला, हेही निकालात लिहिलं.

आठ वर्षं, मंडळी. वीस वर्षांची मुलगी अठ्ठावीसची झाली. नाचण्याच्या धंद्यात आठ वर्षं म्हणजे आख्खी नोकरी.

पुढचं भराभर सांगतो. २०१४ मध्ये सरकारने पुन्हा कायदा केला, या वेळी सगळ्यांना सरसकट बंदी. २०१५ मध्ये कोर्टाची स्थगिती. २०१६ मध्ये अटींनी भरलेला नवा कायदा, शाळा-देवळापासून एक किलोमीटर, सीसीटीव्ही, वगैरे. मुंबईत देवळापासून एक किलोमीटर लांब अशी जागा शोधून दाखवा. १७ जानेवारी २०१९ ला कोर्टाने यातल्या बऱ्याच अटी उडवल्या. टिप द्यायला हरकत नाही, पण नोटा उधळायच्या नाहीत, आणि वेळ संध्याकाळी सहा ते साडेअकरा.

आता मामाकडे येतो. २००५ नंतर बार बंद पडले नाहीत, त्यांनी पाटी बदलली. ‘ऑर्केस्ट्रा बार’. नाच नाही, फक्त गाणं, आणि गाण्याचा परवाना. कालपर्यंत नाचणाऱ्या बाईच्या हातात माईक आला. मामाची नोकरी चार महिने गेली होती, मग त्याला बोलावणं आलं, कारण परवान्यात वादक दाखवणं भाग होतं. मामाने मला हे परवा सांगितलं, याआधी कधीच नाही.

तो म्हणाला, “नऊ जणी होत्या. गाता दोघींना येत होतं. बाकीच्या माईक धरून उभ्या. छापा पडला की पोलीस म्हणायचे, गाऊन दाखव. म्हणून मी दुपारी लवकर जायला लागलो. एकेकीला दोन-दोन गाणी बसवून दिली. सम कुठे येते ते पायाने दाखवायचो. एक होती, सूर बिलकुल नाही, पण ताल असा पक्का! नाचलेलीच ती. म्हटलं, तू गाऊ नको, तू लयीत बोल. तिने दोन गाणी अशी बोलून बोलून केली, आणि एकदा पोलिसासमोर खरंच म्हणून दाखवली. आम्ही सगळे वाजवत होतो. हात थरथरत होते माझे.”

मी विचारलं, ती पुढे काय करते? त्याला माहीत नव्हतं. फोन नंबर बदलला म्हणाला.

मला तेव्हा ते ‘आमच्यातही’ कळलं. नोटेशन वाचून पन्नास वादकांना वाटून देणारा गोन्साल्विस आणि दुपारी रिकाम्या बारमध्ये पायाने सम दाखवणारा मामा. दर्जात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो मी लपवणार नाही. मामाही लपवत नाही. पण काम तेच होतं. ज्याला येत नाही त्याच्याकडून गाणं उभं करून घ्यायचं, आणि मागे बसायचं.

एक शेवटची कायद्याची गोष्ट, जी फारशी कुणाला माहीत नाही. ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात अट होती, स्टेजवर चार बायका आणि चार पुरुष, त्याहून जास्त नाहीत. आठ जणी बायका चालणार नाहीत, म्हणजे एखादा बायकांचाच बँड काढायचा म्हटलं तर बेकायदेशीर. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल प्रिया खटल्यात ही वाटणी रद्द केली. एकूण आठ ही मर्यादा राहिली, त्यात बायका किती आणि पुरुष किती हे सरकारने ठरवायचं नाही. मामाला वाचून दाखवलं तर हसला. “म्हणजे आता आम्हालाच काढतील,” म्हणाला.

या भागासाठी मी त्याच्याबरोबर एका ऑर्केस्ट्रा बारमध्ये गेलो होतो. नाव सांगत नाही. बियर बाहेरच्या तिप्पट. स्टेजला स्टीलचा कठडा, चार गायिका खुर्च्यांवर, त्यातली एक गातेय, बाकीच्या मोबाईलमध्ये. नोटा वेटरच्या हातात द्यायच्या, तो नेऊन ठेवणार. ऑक्टोपॅडवर पंचविशीतला एक मुलगा. निम्मं म्युझिक ट्रॅकवरच होतं. मामा पाच मिनिटं ऐकत राहिला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “दुसरा पॅड जरा मागे पडतोय.” मध्ये मुलगा पाणी प्यायला खाली आला, तसा त्याने मामाला ओळखलं. वाकून पाया पडला. भर बारमध्ये. मामा इकडेतिकडे बघायला लागला.

भाग टाकायच्या आधी मी रेकॉर्डिंग मामेबहिणीला पाठवलं. तिच्या सासरी अजून ‘हॉटेल व्यवसाय’च माहीत आहे, त्यामुळे नको म्हणाली असती तर मी टाकलं नसतं. दोन दिवस तिचं उत्तर आलं नाही. निळ्या खुणा मात्र दिसत होत्या.

तिसऱ्या दिवशी तिचा व्हॉइस मेसेज आला, अकरा सेकंदांचा. मागे कुकरच्या शिट्ट्या. ती म्हणाली, “ऐकलं. टाक. फक्त एक चूक आहे तुझी. बाबा सुरुवातीला ऑक्टोपॅड नव्हते वाजवत. बोंगो वाजवायचे. ऑक्टोपॅड नंतर घेतला, मी चौथीत असताना, हप्त्यावर.”